मुळ्याच्या वाफ्यातलं छोटं करडं पाखरू

गोराई, मनोरी आणि आरेतल्या पाड्यांवरून सध्या एकच प्रश्न येतोय, संध्याकाळी मुळ्याच्या वाफ्यात शिरलं की पायाजवळून छोटी करडी पाखरं उडतात, ही तांदळातलीच का आणि कोणतं औषध मारायचं?

तांदळातली नाहीत. त्या पाखराची अळी धान्यात जाळी करते, मुळ्याच्या पाल्याशी तिचं काही घेणंदेणं नाही. हा बहुतेक चौकोनी ठिपक्यांचा पतंग, पण खात्री करायला तो बसलेला असताना बघा, जेमतेम 8-9 मिलिमीटर लांब असतो आणि पंख मिटले की पाठीवर मधोमध फिकट रंगाचे तीन चौकोन ओळीने दिसतात.

पतंग पान खात नाही, खाते ती अळी. पान उलटं करा, बारीक हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी दिसेल, काडीने डिवचली की वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून खाली लटकते. असं केलं म्हणजे तीच. ती पान खालून खरवडते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून आधी पांढुरके पारदर्शक डाग दिसतात आणि मग भोकं. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून पतंग दोन-तीन आठवड्यांत तयार, त्यामुळे एकाच वाफ्यात अंडी, अळी, कोष सगळं एकदम सापडतं.

औषधाची घाई नको, कळकळीने सांगतोय. या किडीने 1953 मध्येच इंडोनेशियातल्या जावा बेटावर डीडीटी हे कीटकनाशक पचवलं होतं, तेच तेच औषध मारत राहिलात तर पैसे जातील आणि अळी राहील. आधी अळ्या-कोष असलेली पानं खुडून नष्ट करा. मग 10 लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूने फवारा. अळ्या लहान असतील तर बीटी पावडरही (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) चांगली चालते. कोबी-फ्लॉवरवाल्यांनी दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावा, पतंग अंडी घालायला तिकडे जास्त जातो, मात्र त्या मोहरीवर फवारणी चुकवू नका, नाहीतर तिथूनच कीड पसरेल.

आणि मुळा आठवडाभरात निघणार असेल तर रासायनिक काहीच मारू नका, पाला लोक भाजी म्हणून खातात हो. उपटून विका, उरलेला पालापाचोळा वाफ्यात सोडू नका, आणि पुढचं पीक माठ किंवा मेथी घ्या, त्यावर ही अळी जगत नाही.