अंड्याला किती वाफ पुरते?

प्रश्न : कॉफीशॉपमध्ये मिळणारे छोटे, गोल, लुसलुशीत एग बाइट्स मला फार आवडतात. घरी इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आहे, म्हणून चार अंडी, अर्धा कप दूध, किसलेले चीज आणि चिरलेली सिमला मिरची एकत्र घुसळून ते मिश्रण सिलिकॉनच्या साच्यात ओतले, हाय प्रेशरवर दहा मिनिटे ठेवले आणि वेळ संपताच वाफ सोडून दिली. झाकण उघडले तेव्हा प्रत्येक वाटीवर टम्म फुगा आला होता. दोन मिनिटांत तो खाली बसला, कापल्यावर आत स्पंजासारखी भोके निघाली आणि वाटीच्या तळाशी चमचाभर पाणी साचलेले दिसले. पुढच्या दोन वेळा आठ आणि सहा मिनिटेच ठेवले, तरी फारसा फरक पडला नाही. चूक नेमकी कोठे होते आहे?

उत्तर : आपण वेळ कमी केलीत, पण हाय प्रेशर आणि वाफ झटकन सोडून देणे या दोन गोष्टी तिन्ही वेळा तशाच ठेवल्यात. बिघाड त्या दोहोंत आहे, म्हणून मिनिटे कमी करून उपयोग झाला नाही.

आपल्याला आवडणारा पदार्थ मुळात प्रेशरवर शिजवलेला नसतो. जानेवारी 2017 मध्ये स्टारबक्सने अमेरिकेतील आपल्या दुकानांत असे एग बाइट्स आणले, तेव्हा त्यांच्या नावातच ‘सू व्हीद’ हे शब्द होते. या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘निर्वाताखाली’ असा आहे. या पद्धतीत पदार्थ बंद करून ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवतात, आणि पाणीच त्या अंशाच्या वर जात नसल्यामुळे पदार्थही जाऊ शकत नाही. घरी असे यंत्र असणारे लोक एग बाइट्ससाठी पाणी साधारणपणे 75 ते 80 अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवतात. याउलट पूर्ण दाबाच्या कुकरमध्ये वाफ 115 ते 121 अंशांपर्यंत तापलेली असते. 1679 साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रेशर कुकरचा पूर्वज तयार केला तो हाडे मऊ करण्यासाठी. त्याच भांड्याकडून आपण अंड्याला हळुवार शिजवण्याची अपेक्षा करतो आहोत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळशा चुका टळतात.

आता अंड्याच्या आत काय घडते ते पाहू. पांढरा भाग 62-63 अंशांना घट्ट होऊ लागतो आणि बलक 65 ते 70 अंशांदरम्यान आळतो. दूध, क्रीम किंवा चीज मिसळले की प्रथिनांचे धागे एकमेकांपासून लांब जातात, त्यामुळे मिश्रण आळायला 78 ते 80 अंश लागतात. तेथपर्यंत धाग्यांची सैल जाळी तयार झालेली असते आणि तिने पाणी व स्निग्धांश आपल्यात धरून ठेवलेला असतो. लुसलुशीतपणा म्हणतात तो हाच. 85 अंशांच्या पुढे मात्र ही जाळी आवळत जाते आणि धरलेले पाणी बाहेर पिळून टाकते. आपल्या वाट्यांच्या तळाशी साचलेले पाणी बरेचसे या पिळण्याचे आहे. थोडे सिमला मिरचीचेही आहे, पण तिच्याविषयी पुढे.

फुगा आणि भोके यांचे कारण निराळे आहे. घुसळताना मिश्रणात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे शिरतात आणि तापल्यावर ते प्रसरण पावतात, हा पहिला भाग. दुसरा भाग अधिक नुकसान करतो. दाबाखाली असताना वाटीतील मिश्रण, निदान कडेचे तरी, 100 अंशांच्या वर गेलेले असते; तरीही त्यातील पाणी उकळत नाही, कारण दाबामुळे त्याचा उत्कलनबिंदूही वर गेलेला असतो. अशा वेळी आपण वाफ एकदम सोडली की दाब क्षणात उतरतो आणि ते पाणी जागच्या जागी उकळून नुकतीच बनलेली जाळी आतून फाडून टाकते. वाफ निघून गेल्यावर फुगा बसतो, फाटलेल्या जागांची भोके मात्र कायमची राहतात.

यावर उपाय असे. चार मोठी अंडी (कवचाविना साधारण 200 ग्रॅम), 100 ग्रॅम कॉटेज चीज, 50 ग्रॅम किसलेले चीज, दोन मोठे चमचे क्रीम, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि पाव छोटा चमचा मीठ घ्या. दूध वगळा, कारण ते नुसते पाणी वाढवते. कॉटेज चीजमधील प्रथिने आधीच साकळलेली असल्यामुळे ती उष्णतेने फारशी आवळत नाहीत आणि ओलावा घट्ट धरून ठेवतात. माझ्या मते हा या पदार्थातील सर्वांत मोलाचा जिन्नस आहे आणि तो गाळला तर उरते ते साधे वाफवलेले ऑम्लेट. कॉर्नफ्लोअर प्रथिनांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही, म्हणून आच थोडी अधिक लागली तरी सांभाळून घेतले जाते.

हे सारे मिक्सरमध्ये वीस-तीस सेकंद फिरवा, त्याहून अधिक नको. मग भांडे दहा मिनिटे तसेच राहू द्या आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाका. घाईत मी ही दहा मिनिटे अनेकदा वाचवली आहेत आणि प्रत्येक वेळी वाटीच्या माथ्यावर साबणाच्या फेसासारखा चिवट पापुद्रा खाल्ला आहे. साच्याला आतून लोणी चोळून वाट्या पाऊणच भरा. साचा फॉइलने सैलसर झाका, म्हणजे झाकणावरून टपकणारे पाणी वाटीत पडणार नाही. पण फॉइलच्या कडा साच्याखाली नीट दुमडून घ्या, कारण सुटलेला तुकडा उडून वाफेच्या छिद्रावर बसला तर धोका आहे.

कुकरमध्ये एक कप पाणी घालून तिपाई ठेवा, तिच्यावर साचा ठेवा आणि साच्याच्या कडेने वाफ फिरायला बोटभर जागा राहील असे पाहा. लो प्रेशरची सोय असेल तर त्यावर आठ मिनिटे पुरतात. तेव्हाही वाफ 110 अंशांच्या आसपास असते, पण सिलिकॉन उष्णता सावकाश आत जाऊ देते आणि वरून फॉइलचा आडोसा असतो, म्हणून वाटीचा मधला भाग मागे राहतो. वेळ संपल्यावर कुकरला दहा मिनिटे हात लावू नका. दाब आपोआप उतरत असताना मधला भाग उरल्या उष्णतेवर शिजून येतो. झाकण काढल्यावर साचा हलवून पाहा. कडा स्थिर असाव्यात आणि मधोमध रुपयाएवढा भाग किंचित थरथरावा. पातळ रस हलताना दिसला तर झाकण पुन्हा ठेवून पाच मिनिटे थांबा. तापमापी असेल तर वाटीच्या मध्यभागी किमान 71 अंश मिळालेच पाहिजेत. अंड्याच्या पदार्थातील साल्मोनेलासारख्या जंतूंपासून सुरक्षित राहण्यासाठी तेवढे तापमान आवश्यक मानले जाते.

प्रश्न : माझ्याकडे गॅसवरचा साधा शिट्टीचा कुकर आहे. त्यात हा पदार्थ किती शिट्ट्यांत होतो?

उत्तर : एकही शिट्टी होऊ द्यायची नाही. शिट्टी काढून ठेवा, झाकणाची रबरी कडी मात्र जागेवर असू द्या. कुकरच्या तळाशी दोन बोटे पाणी घालून ते आधी उकळवा, वाट्या जाळीवर ठेवा, झाकण लावा आणि नळीतून वाफेची बारीक, सलग धार येत राहील इतकी मंद आच ठेवा. शिट्टी नसल्यामुळे आत दाब साठत नाही आणि वाफ 100 अंशांच्या वर जात नाही. सिलिकॉनच्या साच्याला बारा ते चौदा मिनिटे लागतात, स्टीलच्या लहान वाट्यांना आठ-नऊ मिनिटे पुरतात, कारण धातू उष्णता लगेच आत पोहोचवतो. मग गॅस बंद करून झाकण न उघडता सहा-सात मिनिटे थांबा.

खरे सांगायचे तर महागड्या इलेक्ट्रिक कुकरपेक्षा या साध्या कुकरचे एग बाइट्स मला अधिक मऊ वाटतात, आणि त्याचे श्रेय दाब नसण्यालाच आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पाणी आटू देऊ नका, आणि वाफेची नळी मोकळी आहे याची खात्री वाट्या आत ठेवण्यापूर्वी करून घ्या. आपण फार उंचावर राहत असाल तर दर 300 मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळते, हेही लक्षात घ्या. अशा ठिकाणी मिनिटे थोडी वाढवावी लागतात, पण अंड्याच्या दृष्टीने ही तक्रारीची बाब नाही.

प्रश्न : भाज्या कच्च्या घालाव्यात की परतून? पालक घातला की माझे एग बाइट्स हिरव्या पाण्यात तरंगतात.

उत्तर : परतून, आणि परतल्यावर पिळून. पालकाच्या पानात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ते कढईत निघाले नाही तर वाटीत निघते. मूठभर पालक तव्यावर मलूल होईपर्यंत परता, गार झाल्यावर मुठीत घट्ट दाबा आणि मग बारीक चिरा. मूठभराचा चमचाभर झालेला पाहून मन खट्टू होईल, पण तेवढाच पुरेसा आहे. मशरूम त्यांचे पाणी सुटून आटेपर्यंत कोरडे परतावेत. सिमला मिरची बारीक चिरून तीन-चार मिनिटे परतली की चालते. टोमॅटोच्या बिया आणि रस काढून नुसता गर घ्या, किंवा टोमॅटो वरूनच वाढा. चार अंड्यांना भाजी तीन-चार मोठे चमचे, त्याहून जास्त नाही. आणि ती मिश्रणात न फिरवता आधी वाट्यांच्या तळाशी घालून वरून मिश्रण ओता, म्हणजे प्रत्येक वाटीत सारखी येते.

प्रश्न : बलक न घालता नुसत्या पांढऱ्या भागाचे करून पाहिले, तर ते दाताखाली रबरासारखे कुरकुरले. बलक टाळायचा असेल तर काय करावे?

उत्तर : बलकातील स्निग्धांश प्रथिनांच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना सैल ठेवतो. तो काढून घेतला की पांढऱ्या भागात उरते जवळजवळ नुसते पाणी आणि प्रथिने, आणि ती प्रथिने मोकाट आवळतात. म्हणून बलकाचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते. सहा अंड्यांच्या पांढऱ्या भागाला 150 ग्रॅम कॉटेज चीज, दोन मोठे चमचे क्रीम चीज आणि दीड छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घ्या, आणि शिजवण्याची वेळ एक-दोन मिनिटांनी कमी करा. बलकाचा एवढा धाक नसेल तर एकच बलक घालून पाहा. तेवढ्यानेही पोत आणि रंग दोन्ही सुधारतात.

याच वाचकाने कधी कधी कडेला येणाऱ्या हिरवट-करड्या झाकेविषयीही विचारले आहे. बलकातील लोह आणि पांढऱ्या भागातील गंधक जास्त उष्णतेत एकत्र आल्याने ती येते. ती निरुपद्रवी आहे, पण वाट्या गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहिल्या हे तिच्यावरून कळते.

प्रश्न : आठवड्याचे एकदम करून ठेवले तर चालतील का? मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यावर ते घट्ट होतात.

उत्तर : फ्रिजमध्ये 4 अंश किंवा त्याहून कमी तापमानाला तीन ते चार दिवस ठेवावेत, आठवडा नको. शिजल्यावर दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. त्याहून अधिक काळ हवे असतील तर पूर्ण गार करून, एकमेकांना चिकटणार नाहीत असे ताटलीवर पसरून गोठवा आणि मग डब्यात भरा. महिना-दोन महिने चव टिकते. गोठवायचे असतील तेव्हा मिश्रणात क्रीम आणि कॉर्नफ्लोअर असलेच पाहिजे, नाही तर वितळताना पाणी सुटते.

मायक्रोवेव्ह पूर्ण शक्तीवर चालवू नका, कारण मग जाळी पुन्हा एकदा आवळते आणि कुकरमध्ये घेतलेली सगळी काळजी तीस सेकंदांत वाया जाते. निम्म्या शक्तीवर, वरून ओलसर कागदी रुमाल झाकून, वीस-वीस सेकंदांच्या टप्प्यांनी गरम करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर बोटाने दाबून पाहा. गोठवलेले असतील तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा. कडा खरपूस आवडत असतील तर झाकण ठेवलेल्या तव्यावर थोडे लोणी सोडून मंद आचेवर दोन मिनिटे ठेवा. कॉफीशॉपच्या एग बाइट्सना येणारा वरचा तपकिरी डागही अशाने मिळतो, कारण कुकरच्या वाफेत रंग कधीच येत नाही.