वाचक विचारतात: तारायानाची इंजिनरूम

गणपतीचे देखावे आणि एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. यंदा बडोद्याच्या तीन वाचकांनी काल्पनिक तारायानातल्या विजेबद्दल विचारलं आहे.

प्रश्न (दांडिया बाजार): आमच्या एकांकिकेतलं तारायान प्रतिद्रव्यावर (साध्या द्रव्याला भिडताच दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा देणाऱ्या पदार्थावर) चालतं. रोज किती इंधन लागेल? बिघाड झाल्यावर मुख्य अभियंता लाल बटण दाबून सगळं बंद करतो, हे पटेल का?

उत्तर: यानाला १,००० मेगावॅट लागतात असं धरा. दिवसाचे झाले २ कोटी ४० लाख युनिट. द्रव्य आणि प्रतिद्रव्य मिळून एक ग्रॅम नष्ट झालं की सुमारे अडीच कोटी युनिट ऊर्जा सुटते. म्हणजे सगळी ऊर्जा हाती लागली तर रोज एक ग्रॅम पुरेल, आणि त्यात प्रतिद्रव्य अर्धाच ग्रॅम. प्रत्यक्षात बराच भाग गॅमा किरण आणि न्यूट्रिनो होऊन निसटतो, म्हणून संहितेत दोन-तीन ग्रॅम लिहा. गॅमा किरणांमुळेच चालू गाभ्याशेजारी माणूस उभा करू नका. मध्ये जाड कवचाची भिंत हवी.

लाल बटण मात्र काढून टाका. अनेक अणुभट्ट्यांत नियंत्रक दांडे विद्युतचुंबकाने वर धरलेले असतात. वीज गेली की ते आपोआप खाली पडतात आणि भट्टीतली साखळी-अभिक्रिया थांबते. प्रतिद्रव्याचं उलट आहे. ते चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरलेलं असतं. क्षेत्र गेलं की ते भिंतीला टेकणार आणि स्फोट होणार. म्हणून इंधन सोडणारी झडप बंद करणारं बटण वेगळं, आणि साठवणीच्या चुंबकाची वीज पूर्ण वेगळी: तिची स्वतःची बॅटरी, स्वतःचा बसबार (वीज वाटणारी जाड धातूची पट्टी). लोडशेडिंगच्या यादीत तिचं नावच नसावं.

इथेच नाटकाला उत्तम जागा आहे. एमआरआय यंत्रातलं अतिवाहक चुंबक (ज्याच्या तारेत प्रवाहाला रोधच नसतो) एकदा भारलं की बाहेरची वीज काढली तरी प्रवाह फिरत राहतो, पण ते द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. तापमान चढलं की अतिवाहकता मोडते आणि तारेतली सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते. याला क्वेंच म्हणतात. तुमचं साठवणीचं चुंबकही असंच धरा. तेव्हा वीज गेल्या क्षणी स्फोट दाखवू नका, शीतकरणाचा पंप बंद पाडा. हेलियमची पातळी उतरत जाते आणि तुमच्या पात्रांना तेवढाच वेळ उरतो. शिवाय एक लिटर द्रव हेलियमचा ७०० लिटरहून जास्त वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूला बाजूला सारतो, म्हणून भिंतीवर ऑक्सिजन अलार्म आणि छतातून बाहेर जाणारा जाड पाइप हवाच.

आता जो मुद्दा बहुतेक लेखक विसरतात तो: उष्णता. वणाकबोरीच्या वीजकेंद्राला मही नदीचं पाणी मिळतं. अंतराळात ना पाणी ना वारा, उष्णता फक्त किरणांनी बाहेर जाते. १,००० पैकी ६०० मेगावॅट उष्णता झाली असं समजा. ३०० केल्विनच्या, म्हणजे खोलीइतक्या तापमानाच्या आदर्श पत्र्यातून, दोन्ही बाजू धरून, दर चौरस मीटरला जेमतेम ९२० वॅट जातात. तुम्हाला साडेसहा लाख चौरस मीटर पत्रा लागेल. तोच १,००० केल्विनला लालबुंद ठेवलात तर ५,३०० चौरस मीटरमध्ये, एका फुटबॉल मैदानापेक्षा कमी जागेत भागतं. पण मग ४० टक्के कार्यक्षमतेसाठी आदर्श इंजिनाचीही उष्ण बाजू १,६६७ केल्विनला न्यावी लागते, आणि तिथे धातू निवडताना घाम फुटतो. शत्रूने रेडिएटर फोडला तर इंजिन धडधाकट असूनही यान थांबवावं लागेल. इंजिनावर हल्ला दाखवण्यापेक्षा हे कितीतरी खरं वाटेल.

प्रश्न (कारेलीबाग): यानाला दणका बसला की कप्तानासमोरचं पॅनल फुटतं. असं होईल का?

उत्तर: नीट बांधलेल्या यानात नाही, कारण मुख्य वीज तिथे येतच नाही. आपल्या सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्येही बसबारचे हजार अँपिअर येत नाहीत. १०००/५ चा सीटी, म्हणजे मोठा प्रवाह त्याच प्रमाणात लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर, पॅनलपर्यंत फक्त ५ अँपिअर आणतो. धोका हवाच असेल तर सीटीचं सेकंडरी, म्हणजे पॅनलकडे जाणारी जोडणी, सैल करा. चालू लाइनवर ते उघडं राहिलं की टोकांवर जीवघेणा व्होल्टेज चढतो.

खरी आग स्विचगियरमध्ये, म्हणजे मोठे ब्रेकर आणि स्विच असतात तिथे, लागते. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा आर्क (स्विच उघडताना हवेतून पेटणारी वीज) विझवता येतो. डीसीत ती संधी नाही. अपोलो-१३ च्या ऑक्सिजन टाकीतल्या हीटरचे थर्मोस्टॅट स्विच २८ व्होल्टचे होते आणि प्रक्षेपणतळावर त्यांना ६५ व्होल्ट डीसी मिळाले. उघडताना कॉन्टॅक्ट वेल्ड झाले, हीटर तापत राहिला, वायरींचं टेफ्लॉन खराब झालं. एप्रिल १९७० मध्ये तीच टाकी उड्डाणात फुटली.

तुमच्या अभियंत्याच्या तोंडी क्रम अचूक असू द्या: आधी ब्रेकर उघडायचा, मग आयसोलेटर (चालू प्रवाह तोडण्यासाठी नसलेला, भाग वेगळा करणारा स्विच), मग व्होल्टेज नाही हे तपासून अर्थ स्विच (तारा जमिनीला जोडणारा) लावायचा. लोडवर आयसोलेटर ओढला की आर्क माणसाच्या तोंडावर येतो. हुकूम ऐकणाऱ्याने तो तसाच परत बोलून दाखवावा: “बस ब, ब्रेकर तीन, उघडतोय.” वीज परत आणताना आधी शीतकरण आणि हवा, नंतर संगणक, शेवटी मोठ्या मोटरी, त्याही एकेक. सगळ्या एकदम लावल्या तर सुरुवातीच्या प्रवाहानेच ब्रेकर पुन्हा पडेल.

प्रश्न (रावपुरा, गणेशोत्सव मंडळ): देखाव्यात आठ फुटी चमकता गाभा करायचा आहे. प्रकाश वर-खाली धावायला हवा.

उत्तर: मध्ये ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, बाहेर ३०० मिमी व्यासाची दुधी पॉलीकार्बोनेटची नळी. शीट ९७० मिमी रुंद घ्या, म्हणजे जोडावर तीनेक सेंटिमीटर चढेल. पाइपवर दर १० सेंमीला ५ व्होल्टच्या पिक्सेल एलईडी (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणाऱ्या) पट्टीचं, मीटरला ६० दिवेवालीचं, एक कडं. अशी २४ कडी, प्रत्येकात २० दिवे, एकूण ४८०. पूर्ण पांढरा प्रकाश लावला तर जवळजवळ २९ अँपिअर, फक्त निळा तर १० च्या आत. सप्लाय ५ व्होल्ट, ४० अँपिअरचा घ्या.

एकाच टोकाला वीज दिलीत तर दुसऱ्या टोकाचा पांढरा पिवळट-लाल पडतो. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी जाड वायरने द्या. दिवे चालवणारा कंट्रोलर आणि सप्लाय यांची निगेटिव्ह एकत्र जोडा, नाहीतर दिवे वेडेवाकडे लुकलुकतील. डेटा वायरच्या सुरुवातीला ३३० ओहमचा रेझिस्टर, सप्लायवर १,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. सप्लाय थर्मोकोलमध्ये मुळीच कोंबू नका. भाद्रपदाचा पाऊस मंडपात येतोच, म्हणून मुख्य जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि रोज आरतीआधी त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा.