२ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण सोसायटीतल्या मुलांना दाखवायचं आहे. चष्मे मागवण्याशिवाय आणखी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुमच्या सोसायटीत पंचवीस-तीस मुलं आहेत, त्यांना गच्चीवरून ग्रहण दाखवायचं ठरवलंय, चष्म्यांची चौकशी सुरू आहे आणि सासूबाईंना हे अजिबात पसंत नाही. मी सातारा जिल्ह्यात, जावळी खोऱ्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. २०१९ आणि २०२२ अशी दोन ग्रहणं गावातल्या मुलांना दाखवली. पहिलं छान पार पडलं, दुसऱ्या वेळी मुलं हिरमुसली. त्या दुसऱ्यापासूनच सुरुवात करतो.

२५ ऑक्टोबर २०२२. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं, पाडवा दुसऱ्या दिवशी, आणि मधला दिवस ग्रहणाचा. सुट्टी असूनही चाळीसएक मुलं शाळेच्या मैदानात जमली. चष्मे होते, आरसा होता, फळ्यावर आकृती काढून झाली होती. पाचला काही मिनिटं कमी असताना स्पर्श झाला आणि सूर्याच्या कडेला बारीक खाच पडली. मुलांनी जो गलका केला तो अजून आठवतो. खाच वाढत गेली, आणि सव्वापाचच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला. पंचांगात सूर्यास्त सहानंतरचा होता. पण पंचांगातला सूर्यास्त मोकळ्या क्षितिजाचा असतो, आमच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. ग्रहणमध्य अजून अर्धा तास लांब होता. तिसरीतली एक मुलगी चष्मा डोळ्यांवर तसाच धरून डोंगराकडे बघत राहिली होती. "गुरुजी, परत येणार ना वर?" असं तिनं विचारलं. मी वीस वर्षं त्या मैदानात उभा राहिलोय. ऑक्टोबरमध्ये तिथं ऊन किती वाजता जातं, हे आदल्या दिवशी पाच वाजता नुसतं उभं राहिलो असतो तरी कळलं असतं.

म्हणून सांगतो, चष्म्यांच्याही आधी रंगीत तालीम करा. सूर्य रोजच आहे. चंद्राने घेतलेला चावा सोडला, तर त्या दिवशी लागणारी एकूण एक गोष्ट साध्या दिवशी तपासून बघता येते.

यात एक अडचण आहे. २ ऑगस्टच्या आसपास तालमीला ऊनच मिळणार नाही. त्यावर उपाय असा, की १० ते १२ मेच्या सुमारास सूर्य आकाशातून जवळजवळ त्याच वाटेने जातो ज्या वाटेने तो २ ऑगस्टला जाणार आहे. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, पुण्यात मेच्या मध्याला येतो, हे तुम्हाला माहीत असेल. तसाच दुसरा दिवस जुलैच्या शेवटी येतो, ढगांमुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच. जूनमध्ये सूर्य उत्तरेच्या टोकाला जाऊन परत फिरतो, म्हणून तीच वाट दोनदा चालतो. तेव्हा २०२७ च्या मे महिन्यात, मुलांना सुट्ट्या असताना, दुपारी साडेतीनपासून सहापर्यंत गच्चीवर जा. पाण्याची टाकी, शेजारची इमारत, मोबाइलचा टॉवर, पश्चिमेला जे काही आड येतं ते तेव्हाच दिसेल. मुलं कुठं बसतील तिथं खडूने खुणा करून ठेवा. आपल्याकडे हे ग्रहण दुपारनंतर लागून सूर्यास्ताच्या आधी सुटणार आहे, म्हणजे सारा खेळ पश्चिमेकडच्या आकाशात आहे. नेमक्या वेळा पुण्याच्याच बघा, मुंबईच्या वेळेत थोडा फरक पडतो.

मुलांना एक गोष्ट आधीच खरी खरी सांगा: अंधार होणार नाही. हे ग्रहण खग्रास, म्हणजे सूर्य पूर्ण झाकणारं, आहे ते दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया, येमेन या पट्ट्यात. इजिप्तमध्ये लक्सरजवळ तर खग्रास स्थिती ६ मिनिटं २३ सेकंद टिकेल. तुमचं कुणी जेद्दाला नोकरीला असेल तर त्यांना आजच कळवा, त्यांना घराच्या गच्चीवरून सहा मिनिटांच्या आसपास खग्रास मिळणार आहे. पुण्यात मात्र ते खंडग्रास आणि अर्ध्याहून कमी सूर्य झाकणारं. ज्याला माहीत नाही त्याला उन्हात फरकही जाणवणार नाही. टीव्हीवर इजिप्तची दृश्यं बघून मुलं तेच डोक्यात घेऊन वर आली, तर बिचारी अंधाराची वाट बघत बसतील आणि समोरची सुंदर खाच त्यांना लहान वाटेल.

आता चष्मे. आयएसओ १२३१२-२ हे मानक त्यावर छापलेलं हवं, पण छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. २०१९ मध्ये आम्ही मागवलेला गठ्ठा चार दिवस आधी आला. मी त्यातला एक घालून वर्गातल्या ट्यूबलाइटकडे पाहिलं, तर नळी स्वच्छ दिसली. सगळा गठ्ठा बाजूला ठेवला आणि ओळखीच्या आकाशनिरीक्षकांकडून अठरा खात्रीचे चष्मे आणले. चांगल्या चष्म्यातून घरातलं काहीही दिसता कामा नये. फक्त सूर्य दिसतो, एखाद्या बटणाएवढा. चष्मा दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोकं, चरे आहेत का तेही बघा. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, सीडी यातलं काहीच चालत नाही. परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंबही नाही. वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरचीच. घरची दुर्बीण त्या दिवशी कपाटात बंद असू दे. चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं सर्वात घातक, कारण दुर्बीण गोळा करते ते ऊन चष्म्याची फिल्म जाळून डोळ्यात शिरतं.

डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी मूल रडणार नाही, हात मागे घेणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकातलं अक्षर मधोमध पुसलेलं दिसेल, तेव्हा कळेल. म्हणून तालमीत हे पाठ करून घ्या: सूर्याकडे पाठ करून चष्मा चढवायचा, मग वळून वर बघायचं, मान खाली घालायची, पुन्हा पाठ करायची आणि मगच काढायचा. खंडग्रासात एक क्षणही तो काढून बघायची मुभा नाही. लहानांच्या नाकावरून पुठ्ठ्याचे चष्मे घसरतात. कागदी डिशला डोळ्यांएवढी खाच कापून चष्मा तिच्यावर चिकटवला की सगळा चेहरा झाकला जातो आणि बाजूनेही ऊन शिरत नाही. तीस मुलांना तीस चष्मे लागत नाहीत. ग्रहण तासाच्या वर चालतं आणि मिनिटामिनिटाला फारसं बदलत नाही. दहा-बारा पुरतात, फक्त दर सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस हवं.

मला स्वतःला चष्म्यापेक्षा चेंडू-आरसा जास्त आवडतो. प्लॅस्टिकच्या चेंडूत वाळू भरून तो सेलोटेपच्या रिकाम्या रिळावर ठेवायचा, म्हणजे हवा तसा फिरतो आणि वळवला तिथे टिकतो. त्यावर छोटा आरसा चिकटवायचा आणि आरशावर काळा कागद, मधोमध वाटाण्याएवढं भोक ठेवून. चेंडू उन्हात ठेवायचा आणि कवडसा लांबच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडायचा. तुमच्याकडे पार्किंगची आतली भिंत असेल ना, ती उत्तम. कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच असतं आणि त्याचा आकार अंतराच्या साधारण ११०व्या भागाइतका. पंधरा मीटरवर पुरीएवढा, चौदा सेंटिमीटरच्या आसपास, सूर्य मिळतो. तीस जण एकदम बघू शकतात आणि बोट ठेवून दाखवता येतं. तो सूर्य भिंतीवर सरकत राहतो, दर मिनिटा-दोन मिनिटांनी चेंडू हलवावा लागतो. का सरकतो, हे मी कधीच आधी सांगत नाही. कुणीतरी मूल "पृथ्वी फिरतेय!" असं ओरडतंच. आरशाजवळ मात्र एक मोठं माणूस सतत बसवा, आरशात डोकावणं म्हणजे सूर्यातच बघणं.

आणि आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, असं मी मनापासून सांगतो. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाआधी आठवडाभर मी वस्तीवर घरोघर गेलो, पण समजवायला नाही, विचारायला. तुम्ही ग्रहणात काय काय पाळता? बायकांनी भरभरून सांगितलं. वेध कधी लागतात, दुधा-तुपावर तुळशीचं पान कसं ठेवतात, ग्रहण सुटलं की आधी अंघोळ, आणि त्यांच्या लहानपणी गल्लीतून येणारी ती हाक, "दे दान, सुटे गिऱ्हाण". मी सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणालो, एवढ्या वर्षांत ज्याच्यासाठी हे केलंत ते एकदा बघायला या. एकाच गोष्टीवर मी अडून बसलो: गरोदर बाईला उपाशी आणि बिनपाण्याची बसवायची नाही. ग्रहणाने पोटातल्या बाळाला काही होत नाही, तहान-भुकेने आईला होतं. हे आशाताईंकडून, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेकडून, सांगितलं गेलं, तेव्हा जास्त ऐकलं गेलं.

त्या सकाळी केरळ-तमिळनाडूच्या पट्ट्यात कंकणाकृती, म्हणजे सूर्याची फक्त बांगडीसारखी कडा उरणारं, आणि आमच्याकडे खंडग्रास होतं, पण सूर्याचा बराच मोठा भाग झाकणारं. ढग येत-जात होते. सव्वानऊच्या सुमारास जरा उघडलं, आणि एक आजी नातवाला शोधत मैदानात आल्या, त्याला घरी न्यायला. मी त्यांच्या हातात पोषण आहाराच्या खोलीतली पिठाची मोठ्या भोकांची चाळण दिली आणि म्हटलं, ही जरा उन्हात धरा. जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या. आजींनी चाळण हळूच डावीकडे नेली, तशा सगळ्या कोरी सरकल्या. मग त्यांनी दुसऱ्या हाताने पदर पुढे घेतला आणि चाळण त्यावर धरली. त्यांच्या हिरव्या लुगड्यावर त्या कोरी थरथरत होत्या, आणि आजी कितीतरी वेळ नुसत्या बघत होत्या. नातवाला नेलं ते ग्रहण सुटल्यावरच. घरी जाऊन अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. मी त्यावर काही बोललो नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तुमच्याकडे तर चांगला योग आहे. २ ऑगस्ट २०२७ ला सोमवार आहे आणि आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. ग्रहण सुटून तिन्हीसांजा होतील तेव्हा खाली अंगणात सगळ्यांनी घासूनपुसून आणलेले दिवे लावायचे, कणकेचे दिवे करायचे, आणि हे सगळं सासूबाईंच्या हाती सोपवायचं. त्यांनी गच्चीवर यावं ही अट घालू नका. पण एक चाळण त्यांच्या हाताशी राहू द्या.

ढगांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुण्यात ऑगस्टमध्ये तोच सर्वात मोठा आहे. २२ जुलै २००९ चं खग्रास बघायला मी सुरतेला गेलो होतो. आभाळ गच्च भरलेलं, सूर्य दिसलाच नाही. तरी सकाळी साडेसहाच्या आत अंधार उतरला आणि पाखरं गप्प झाली. खंडग्रासात तेवढंही मिळत नाही. म्हणून चेंडू-आरसा सुरुवातीपासून लावून ठेवा, दोन मिनिटांची फट मिळाली तरी चित्र भिंतीवर पडतं. पातळ ढगांपासून मात्र सावध राहा. त्यातून सूर्य चंद्रासारखा सौम्य दिसतो, मुलं चष्मा काढतात, मोठी माणसंही काढतात. तेव्हा हाक मारायला कुणीतरी नेमा. अगदीच काही दिसलं नाही, तर मेमधल्या तालमीत मुलांनी भिंतीवरच्या सूर्याभोवती काढलेली वर्तुळं आणि खाली लावायचे दिवे तरी आहेतच. तशीही मेमध्ये तुम्ही मुलांना सूर्य दाखवलेलाच असेल, ते वाया जात नाही.

मेमध्ये गच्चीवर जाऊन आलात की पश्चिमेला काय आड येतं ते इथंच लिहा. पार्किंगच्या भिंतीचं अंतर सांगितलंत तर आरशाचं भोक किती ठेवायचं तेही सांगतो.