उत्तर: कोपरखैरण्यात जिंजर बिअरची बाटली फुटली

आधी उरलेल्या तीन बाटल्यांचं बघा, बाकीचं नंतर वाचा. चष्मा लावा, प्रत्येक बाटली जाड टॉवेलात गुंडाळा आणि तशीच उभी फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर गार झाली की मोरीत नेऊन, टॉवेल न काढता, झाकण जरासं सैल करा, फुस्स झालं की परत आवळा, परत सैल करा. गार पेयात वायू विरघळून राहतो. गरम असताना उघडलीत तर अर्धी बाटली छताला.

आता प्रश्नाकडे. तुम्ही लिहिलंय, दोन लिटर पाणी, 160 ग्रॅम साखर, जिंजर बग (आलं, साखर, पाणी आंबवून केलेलं यीस्टचं विरजण) घालून गाळलं, लगेच सरबताच्या काचेच्या बाटल्यांत भरलं आणि ओट्यावर ठेवलं. दुसऱ्या रात्री एक फुटली. आणि विचारताय, आलं जास्त झालं का? आल्याचा काही दोष नाही.

हिशेब बघा. 4 ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की साधारण एक लिटर वायू होतो. बाजारच्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे साडेतीन-चार लिटर वायू कोंबलेला असतो, म्हणजे आपल्याला लिटरमागे 15-16 ग्रॅम साखर खाल्ली गेली की पुरे. तुमच्या बाटलीत लिटरमागे 80 ग्रॅम होती. सगळी संपली असती तर 20 लिटर वायू, आणि कोंडलेला. सरबताची बाटली त्याआधीच हात टेकते.

म्हणून साखर कमी करायची का? नको, मग ते आंबट पाणी लागतं. यीस्टला वेळेवर थांबवायचं, आणि आपल्याकडे घोळ इथेच होतो. परदेशी रेसिपीत 'दोन-तीन दिवस बाहेर ठेवा' म्हणतात ते विशीतल्या तापमानाला. एप्रिलमध्ये आपलं स्वयंपाकघर 33 अंशांना असतं. इडलीचं पीठ थंडीत सकाळपर्यंत हलत नाही आणि मे महिन्यात पातेल्याबाहेर येतं, तसंच. 25 ला बाटली 'झाली' आणि 'फार झाली' यात आरामात अर्धा दिवस मिळतो. 33 ला ती वेळ आपण झोपेत घालवतो.

गार ठेवायला मी आधी माठाची युक्ती केली, बाटल्यांना ओलं फडकं. माझ्या नागपूरच्या मामेभावाकडे ती झकास चालते. ठाण्यात फडकं दिवसभर ओलंच राहतं, हवेत आधीच एवढा दमटपणा की पाणी उडेल कुठे. शेवटी कपडे भिजवायचा टब घेतला. बाटल्या गळ्यापर्यंत बुडतील एवढं पाणी, आणि फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. थर्मामीटर मत्स्यालयाच्या दुकानातला, काचेचा, स्वस्त. तो टबातल्या पाण्यात ठेवायचा, भिंतीवर नाही. 24 ते 26 च्या आसपास राहिलं की बास.

दुसरं म्हणजे काच सोडा. सोड्याच्या, कोल्ड्रिंकच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, पाण्याच्या पातळ नको. वर चार बोटं जागा ठेवून भरा, झाकण लावायच्या आधी दाबून ती हवा काढा. बाटली चेपलेली दिसेल. मग ती हळूहळू स्वतःच भरून येते, ते बघायला मजा येते, माझी मुलगी शाळेतून आली की आधी टबाकडे जाते. दर चार-पाच तासांनी अंगठ्याने दाबायचं. न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक झाली की लगेच फ्रिज. रात्री अकराला निम्मी टणक असेल तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही, तेव्हाच आत टाकायची. थोडा फेस कमी मिळेल, झोप मिळेल.

पाणी उकळून गार केलेलंच घ्या. तुमच्याकडचं मोरबे धरणाचं पाणी चांगलं असलं तरी नळाला येताना क्लोरीन घेऊन येतं आणि बग सुस्तावतो. तुम्हाला आलेला नेलपॉलिशसारखा वास मात्र गरमीचाच, टबात ठेवलंत की जाईल.

मुलांना देणार असाल तर एक लक्षात असू द्या, वायूबरोबर दारूही होतेच. वेळेवर थांबवलंत तर एक टक्क्याच्या आसपास, पण ती 80 ग्रॅम साखर पूर्ण संपू दिलीत तर जवळपास पाच टक्के, म्हणजे सरळ बिअर. तुम्ही शेवटी 'पुढे खरी बिअर करून बघू का' विचारलंय. परवान्याशिवाय ती घरी करणं आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे त्यावर मी इथे काही सांगणार नाही.

फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, पेंगतं. आठवड्यात संपवा, आणि गावाला जाणार असाल तर निघायच्या आधी झाकणं सैल करून जा. दिवसभर लाइट गेली तर फ्रिजचं कपाट होतं.