गंगाळ, पाणी आणि रुमाल

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात प्रेमाचा सलाम.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. नर्सिंगचे शिक्षण पूर्ण झाले, नर्सिंग परिषदेकडे नोंदणी झाली आणि येत्या एक तारखेपासून तू शस्त्रक्रियेच्या वॉर्डात रुजू होणार, हे वाचून मी ते पत्र तुझ्या आईला फोनवरून पुन्हा वाचून दाखवले. पत्राच्या शेवटी तू जे विचारले आहेस, त्याचे उत्तर मात्र फोनवर देण्यासारखे नव्हते. मंडळीत आणि घरच्या प्रार्थनेत ख्रिस्ती म्हणून वागणे जमते, पण रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर यांच्या गराड्यात बारा बारा तास उभे असताना तसे कसे वागायचे, असा तुझा प्रश्न आहे. मी चौतीस वर्षे नर्स होते आणि हाच प्रश्न घेऊन कामावर जात होते. माझ्या हाती जे थोडे लागले, ते लिहिते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय तुला पाठ आहे. शब्बाथ शाळेच्या नाट्यप्रवेशात तू पेत्र झाली होतीस, ते मला आठवते. त्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, प्रभूने आपल्या लोकांवर शेवटपर्यंत प्रेम केले असे म्हटले आहे आणि लगेच पुढे तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुतो आणि पुसतो. पाय धुण्यावर मी अनेक प्रवचने ऐकली, पण पुसण्यावर एकही ऐकले नाही. नर्स म्हणून मला मात्र तोच शब्द अधिक महत्त्वाचा वाटत आला. मधुमेहाच्या रुग्णाचे पाय धुऊन बोटांच्या बेचक्या ओल्या ठेवल्या, तर तिथली त्वचा पांढरी पडून फाटते, जंतू शिरतात आणि पुढे ते बोट किंवा पाऊलही गमवावे लागू शकते. धुणे सगळ्यांना दिसते. प्रत्येक बोट बाजूला धरून मऊ फडक्याने बेचकी टिपायला आणखी दोन मिनिटे लागतात, ती कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि घाई असली की पहिली तीच गळतात. शेवटपर्यंत प्रेम करणे म्हणजे काय, हे मला ग्रंथांपेक्षा त्या दोन मिनिटांनी जास्त शिकवले. तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर विचारशील तर ते हेच आहे: कामाचा जो शेवटचा, बारीक, कंटाळवाणा भाग असतो, तिथे तुझा विश्वास राहू दे.

याईराच्या मुलीची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाच. बारा वर्षांची मुलगी मरणातून उठते, घरातली माणसे थक्क होऊन उभी राहतात, आणि तिला काहीतरी खायला द्या हे सांगण्याचे भान एकट्या प्रभूला असते. एवढ्या मोठ्या चमत्काराच्या शेवटी ही पेजेची आठवण आहे. प्रभूच्या दाखल्यात, लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्यानेही तेल आणि द्राक्षारस ओतून, पट्ट्या बांधून, त्या माणसाला उतारशाळेत पोहोचवले म्हणजे आपले काम संपले असे मानले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती पैसे ठेवले आणि जास्त खर्च आला तर परतताना देईन असे सांगितले. आमच्या भाषेत तो पुढच्या पाळीला रुग्ण नीट सोपवून गेला. पाळी बदलताना घाईने दोन शब्दांत ‘सगळे ठीक’ म्हणून निघून जाण्याचा मोह तुला रोज होईल, तेव्हा ही उतारशाळा आठव.

आता माझ्या हातून घडलेले सांगते. मी दुसऱ्या वर्षाला होते, मिशनच्या एका दवाखान्यात रात्रपाळीवर. पुरुषांच्या वॉर्डात तीसच्या वर खाटा होत्या आणि आम्ही दोघी. पहाटे चार वाजता सर्वांचा ताप पाहायचा असे. खिडकीजवळच्या खाटेवर अंतर्गळाची (हर्नियाची) शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा होते. मध्यरात्री मी त्यांच्या कपाळाला हात लावला होता, कपाळ थंड होते, आणि आता त्यांना गाढ झोप लागली होती. थर्मामीटर न लावता मी चारच्या रकान्यात ९८.६ लिहून पुढच्या खाटेकडे गेले. सहा वाजता प्रार्थनेची घंटा झाली. आम्ही सगळ्या मुली प्रार्थनागृहात उभ्या राहून गात होतो, आणि मीही गात होते. परत आले तेव्हा आजोबा थंडीने कुडकुडत होते आणि ताप १०३ वर गेला होता. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि ताप आत्ताच चढलेला दिसतो असे म्हणून त्या हिशेबाने औषध लिहिले. त्यांचा विश्वास माझ्या आकड्यावर होता.

तासभर मी गप्प राहिले. मग वॉर्डाच्या मुख्य सिस्टरकडे जाऊन खरे ते सांगितले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी डॉक्टरांना कळवले आणि मग मला खाटेपाशी नेले. खोट्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायला लावली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी ‘ताप पाहिला नाही’ असे लिहून माझी सही करायला लावली. तो कागद फाडून नवा लिहिता आला असता. त्यांनी ते होऊ दिले नाही. आजोबा आठवड्याने बरे होऊन घरी गेले, ती देवाची दया. माझी महिन्याची सुट्टी गेली, ते योग्यच झाले. पण त्या रेघेने मला पापकबुलीचा अर्थ कायमचा समजावला. झालेली चूक खोडून नाहीशी करायची नसते. ती वाचता येईल अशी ठेवायची, खरे काय ते शेजारी लिहायचे आणि आपले नाव घालायचे. ओठांवर भजन आणि तक्त्यावर खोटा आकडा असलेली ती सकाळ मी आजही विसरलेले नाही, आणि ती तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सारे उघड करून लिहीत आहे. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलली असे लिहिले असेल, तर ती बदललेली असली पाहिजे. ‘होय’ म्हणजे होय, ‘नाही’ म्हणजे नाही, हे प्रभूचे सांगणे आपल्या व्यवसायात तक्त्याच्या रकान्यात पाळायचे असते.

खाटेवरच्या माणसाला प्रभूविषयी सांगावे का, असेही तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे, आणि मंडळीतील काही वडीलधाऱ्यांना ते आवडत नाही हे मला ठाऊक आहे. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या हाताला सलाईन असते, त्याचे दुखणे तुझ्या हातात असते, तुला नाराज करण्याची त्याला भीती वाटते. अशा माणसाला न विचारता उपदेश करणे म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणे होय. त्याने आपणहून विचारले, तर लाजू नकोस. दोन वाक्यांत, खरे ते सांग. प्रार्थना कर म्हणाला, तर त्याच्या खाटेशी उभी राहून कर. एरवी तुझे हात बोलू देत.

एकदा एका वारकरी आजींना शस्त्रक्रियेसाठी न्यायचे होते आणि त्या गळ्यातली तुळशीची माळ काढायला तयार नव्हत्या. घरची माणसे समजावून थकली, एक शिकाऊ मुलगी चिडली. माळ गळ्यात घातल्यापासून एक दिवसही उतरवली नाही असे आजी सांगत होत्या, आणि त्या माळेविना मरण आले तर, ही त्यांची खरी भीती होती. मी त्यांच्या परवानगीने माळ काढली, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळली, त्यावर त्यांचे नाव लिहिले आणि शुद्धीवर येताना ती तुमच्या हातात असेल असे वचन दिले. तीन तासांनी डोळे उघडण्याआधीच त्यांचा हात गळ्याकडे गेला, तेव्हा मी ती माळ त्यांच्या मुठीत ठेवली. त्या दिवशी माझी पाळी दोन वाजता संपली होती. मी साडेतीनपर्यंत थांबले होते. मी ज्याला प्रभू म्हणते, त्याने मला त्या खुर्चीवर बसवले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सेवा ही आपली मिरासदारी आहे, असा समजही कधी करून घेऊ नकोस. पुण्यात प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तुझ्या वॉर्डातही तुझ्यापेक्षा प्रेमळ, तुझ्यापेक्षा सचोटीच्या मुली असतील, त्या निरनिराळ्या धर्मांच्या असतील. त्यांच्याकडून शीक आणि देवाचे उपकार मान.

एक गोष्ट मात्र आपल्या इतिहासातून घेऊन जा. मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केले, त्या काळात परक्या जातीच्या माणसाचे मलमूत्र उचलणे, त्याची जखम धुणे हे काम कुलीन घरांतील मुलींनी करायचे नाही असे मानले जाई. आपल्या मिशनच्या शाळांतून आलेल्या मुली, त्यांतल्या कितीतरी गावकुसाबाहेरच्या घरांतल्या, या कामाला पुढे आल्या. ज्यांचा स्पर्श समाजाने नाकारला होता, त्यांच्याच हातांनी समाजाच्या जखमा बांधल्या. लक्ष्मीबाई टिळकांना जातिभेद देवाने केलेला नाही हे पटले, तेव्हा बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी सर्वांच्या हातचे खायला सुरुवात केली. त्यांचा विश्वास पहिल्यांदा पाण्याच्या भांड्यात उतरला. आणि आज आपल्याच मंडळ्यांत लग्न जुळवताना जुन्या जातीची हळूच चौकशी होते, याचे मला अतोनात दुःख होते. तू तरी त्या चौकशीत सामील होऊ नकोस. वॉर्डातल्या सफाई कामगारांबरोबर आणि मावशींबरोबर, त्यांच्याच किटलीतला चहा, त्याच कपातून पी. त्यांना नावाने आणि मानाने हाक मार.

नम्रतेविषयी सावध करते, कारण चांगल्या ख्रिस्ती घरांतल्या मुली इथेच चुकतात. डॉक्टरांनी लिहिलेले औषधाचे प्रमाण चुकीचे वाटत असताना गप्प बसणे ही नम्रता नाही. ती भीती आहे, आणि तिची किंमत रुग्ण मोजतो. अदबीने पण स्पष्टपणे विचार, उत्तर मिळेपर्यंत सुई हातात धरून थांब. नातेवाईक शिव्या देतील, त्यांतल्या बहुतेक शिव्या काळजीच्या असतात, त्या सोसाव्यात. परंतु कुणी अंगावर हात टाकला, तर सोसू नकोस. महायाजकापुढे एका शिपायाने प्रभूला चपराक मारली, तेव्हा प्रभूने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने त्याला तोंडावर विचारले. तसेच पगाराचे. ‘सेवा’ हा पवित्र शब्द पुढे करून पूर्ण वेतन टाळणाऱ्यांशी माझी गाठ पडली आहे. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे प्रभूचेच शब्द आहेत. हक्काचे माग. मात्र बाळंतपणानंतर किंवा दवाखान्यातून घरी जाताना रुग्णाच्या माणसांनी आनंदाने पुढे केलेली नोट हात जोडून परत कर, कारण शेजारच्या खाटेवरचा माणूस, ज्याच्याजवळ ती नोट नाही, तो तुमच्या दोघांकडे पाहत असतो.

रविवारची उपासना चुकेल, त्याने मन खाऊ नकोस. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार, माणसासाठी झाला. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ मिळणार नाही, म्हणून माझी जुनी सवय तुला देते: प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात धुताना मी प्रभूची प्रार्थना मनात सावकाश म्हणत असे. साबण बोटांच्या सांध्यांपर्यंत, नखांच्या कडांपर्यंत नीट फिरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती होते. ‘आमची रोजची भाकर’ येईपर्यंत मी अंगठ्यांपाशी पोहोचलेली असे. ज्याच्यावर माझा राग असे, त्याच्या खाटेकडे जाताना ‘आम्हांस सोड, जसे आम्हीही सोडले आहे’ या ओळीवर थोडी जास्त थांबत असे. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय त्या रात्री त्याच गंगाळातल्या पाण्याने धुतले गेले होते, हे अशा वेळी मला आठवायचे.

दिवाळीत वॉर्डातल्या मुलींना घरी जायची ओढ असते. लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी तू आपणहून मागून घे, आणि बदल्यात नाताळची रजा मागू नकोस. मिळाली तर आनंदाने ये. न मिळाली तर तसे कळव. नाताळच्या दिवशी दुपारी मी आणि तुझी आई वॉर्डाच्या दाराशी करंज्यांचा डबा घेऊन येऊ. पाळीवरच्या सगळ्या मुलींना आणि मावशींना पुरतील इतक्या करीन, किती जणी असतील तेवढे आधी लिही.

तुझी,
आत्या