लेकनहीथमध्ये तळं नाही

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेकनहीथ या हवाई तळाच्या नावाचा अर्थ 'तळ्याकाठचं माळरान' असाच ना? आणि लिहायचं 'लेकनहीथ' की 'लेकनहेथ'?

मुळीच नाही. लेक म्हणजे तळं, हीथ म्हणजे माळ, हा अर्थ आजच्या स्पेलिंगवरून लावलेला आहे आणि तळाची बातमी आली की कोणीतरी तो पुन्हा छापतंच. हजार वर्षांच्या नावाला आजच्या इंग्रजीची फूटपट्टी लावू नये.

सफोक परगण्यातलं हे गाव. दहाव्या शतकात 'लाकिंगाहिथ', 1086च्या डोम्सडे या इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत 'लाकिंगाहेथे'. फोड करा. जुन्या इंग्रजीत 'लाकु' म्हणजे ओढा. तळ्याचा अर्थ मागाहून फ्रेंचकडून आला. 'इंगा' म्हणजे अमक्या ठिकाणची माणसं. आणि 'हिथ' म्हणजे होड्या लागायचा धक्का! ओढ्याकाठच्या लोकांचा धक्का. हा 'हिथ' एकदा दिसला की सगळीकडे दिसू लागतो. लंडनचं लॅम्बेथ म्हणजे कोकरं उतरवायचा धक्का. लंडनच्याच पटनी आणि स्टेपनी या भागांच्या नावांच्या शेवटी तोच झिजून बसलाय. मेडनहेड या गावाच्या नावातलं 'हेड'सुद्धा मुळात धक्काच.

गाव फेन्स या पाणथळ मुलखाच्या कडेला आहे. सतराव्या शतकापासून तिथलं पाणी काढून शेती केली गेली. गावाच्या दुसऱ्या अंगाला ब्रेकलँडचा रेताड माळ, तिथे पूर्वी ससे पाळत. माझं ठाम मत असं की पाणी मागे हटलं, माळ डोळ्यांसमोर राहिला, म्हणून 'हिथ'चं 'हीथ' पक्कं झालं. हा निव्वळ उच्चारबदल आहे असं म्हणणारे विद्वान एवढंच सांगोत : लॅम्बेथचं 'लॅम्बहीथ' का झालं नाही? तिथली थेम्स हटली नाही म्हणून!

त्याच माळावर 1941 साली विमानतळ सुरू झाला. 1948मध्ये अमेरिकी बी-29 बॉम्बर आले. आज एफ-35 लढाऊ विमानं उडतात. विमानं अमेरिकेची, तरी पाटीवर 'आरएएफ', म्हणजे ब्रिटिश हवाई दल. गावाच्या उत्तरेला मात्र 1995पासून गाजराची शेतं पुन्हा पाणथळ केली गेली आणि 2007मध्ये तिथे क्रौंचांनी घरटी केली. म्हणजे धक्क्याच्या गावाला थोडं पाणी परत मिळालं.

उच्चार 'लेकनहीथ', जोर शेवटच्या 'हीथ'वर. तसंच लिहा, पण अर्थ धक्क्याचाच सांगा.