चित्राचं विश्लेषण करायला बसताना

सुरुवातीलाच 'समतोल आहे, लय आहे' असं लिहून मोकळं होऊ नकोस. आधी चित्र नुसतं बघ. नजर पहिल्यांदा कुठे गेली ते टिपून ठेव, ती पहिली नजर पुन्हा मिळत नाही. मग डोळे किलकिले कर. तपशील पुसट होतात आणि गडद-फिकट छटांचे मोठे आकार तेवढे उरतात.

सरावाला जपानी चित्रकार होकुसाईचं १८३१ च्या सुमाराचं ते प्रसिद्ध लाटेचं चित्र, 'द ग्रेट वेव्ह', घे. एवढा मोठा फुजी पर्वत, पण लाटेच्या कमानीखाली इवलासा दिसतो. प्रमाणाचा खेळ तो हाच. फेसाची टोकं नख्यांसारखी वाकलेली, आणि त्यांचा पांढरा रंग डोंगरावरच्या बर्फातही आहे, म्हणून दोघांचं नातं जुळतं. आता उजवीकडचं मोकळं आकाश हाताने झाकून बघ. लाटेचा दरारा निम्म्यावर येतो!

रेषा, पोत, रंग यांची यादी कुणीही करतं. माझं ऐकशील तर प्रत्येक निरीक्षणाला 'त्यामुळे' जोड: प्रशियन निळ्याच्या गडद पट्ट्या आहेत, त्यामुळे पाणी जड वाटतं. 'त्यामुळे'नंतर काहीच सुचलं नाही, तर ते निरीक्षण खोडून टाक.